झिणझिण्यांची पेटी

वाशीमला आम्ही बिऱ्हाड केलं त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मला हिवतापानं धरलं. दवाखान्यातून क्विनाईन आणलं, ते कडूजहर पाणी मी डोळे मिटून प्यायले आणि ताप गेला. अंगात हळूहळू शक्ती आली. पण उजव्या कानात एक बारीक आवाज राहून गेला तो राहूनच गेला. काशाच्या वाटीवर नख मारावं आणि तिचा नाद विरूच नये, तसा तो होता. तापामुळं झालं की औषधामुळं, कोण जाणे.

हे शाळेत मास्तर होते. मी यांना सांगितलं, "माझे कान वाजतात हो." त्यावर हे पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "मी तर काहीच बोललो नाही."

आपल्या भाषेनं या दुखण्याची मोठी पंचाईत करून ठेवली आहे. कोणाला काही ऐकू आल्यासारखं वाटलं, की आपण म्हणतो, तुझे कान वाजले. त्यामुळं खरोखर ज्याचे कान वाजतात त्यानं काय म्हणावं? मी मेडशीला माहेरी गेले तेव्हा आईला सांगून पाहिलं. तिनं लसूण कढवून तेल घातलं, मग रुईचं पान शेकून रस पिळला. आवाजाला ते सगळं मानवलं असावं. तो जरा जास्तच ठणठणीत झाला.

कामाच्या धबडग्यात कानाची आठवण राहत नसे. पहाटे जात्यावर बसलं की बरंच वाटायचं. पण दुपारी हे शाळेत गेले, भांडी घासून झाली, गल्ली निजली, की त्या शांततेत तो नाद असा उभा राहायचा की दुसरं काही सुचू नये. मी विनाकारण चिडायला लागले. वरणात मीठ दोनदा पडायचं नाहीतर मुळीच पडायचं नाही. हे बिचारे मुकाट्यानं जेवत. त्यांना वाटे, मला माहेरची आठवण येते.

आमचं बिऱ्हाड एका जैन दुकानदाराच्या घरामागच्या दोन खोल्यांत होतं. पुढं त्यांचं दुकान. घड्याळं, कंदील, शिवणयंत्राच्या सुया, आरसा-कुंकवाच्या फणेरपेट्या, असला माल. दुकानदार यांच्याच वयाचे, हसतमुख, आणि नव्या वस्तूंचे भारी शौकीन. त्यांची आई मात्र करारी होती. साऱ्या गल्लीला दरारा. मी त्यांना काकू म्हणत असे, पण पहिले काही महिने ते म्हणणं लांबूनच होतं. दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरची जेवणं होत, आणि मग काकू घराच्या कडेच्या ओट्यावर येऊन बसत. तिथून गल्लीही दिसे आणि आमचं दारही. येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेत.

एका संध्याकाळी मी आमच्या दारात कानावर तळहात दाबून बसले होते. काकूंनी पाहिलं आणि उठून आल्या.

"काहून व, अशी कान धरून काय बसली?"

"कानात वाजते, काकू."

मला वाटलं, आता बोलणी ऐकून घ्यावी लागणार. काकू माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या आणि त्यांनी विचारलं, "कसं वाजते?"

कसं वाजतं, हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मी काशाच्या वाटीचं सांगितलं. कोणत्या कानात, सकाळी जास्त की संध्याकाळी, कूस बदलली तर काय होतं, त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या कानात दिवसभर कोनी तरी ज्वारी दळून राह्यलं. किती वर्सं झाले. सांगू कोनाले? पोराले सांगतलं तं तो म्हने, माय, तुहं वय झालं."

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्याही हसत होत्या. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. सकाळी विहिरीवर भेटलो की त्या विचारत, "वाटी कशी हाय?" आणि मी विचारायची, "दळण झालं का?" बाकीच्या बायांना वाटे, आम्ही स्वयंपाकाचं बोलतो.

झिणझिण्यांची पेटी आली ती याच्यानंतर. मुंबईच्या कोणा व्यापाऱ्यानं दुकानदारांकडं नमुन्याला पाठवली होती. रविवारी ते तिला कापडात गुंडाळून आमच्याकडं घेऊन आले. शिसवीसारखी चकचकीत लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीत दोन पितळी नळ्या, नळ्यांना हिरव्या रेशमाची वेटोळी घातलेल्या तारा. बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की आतली चाकं गरगर फिरत, वीज तयार होई आणि नळ्या हातात धरणाऱ्याच्या अंगात झिणझिण्या येत. घरच्या घरी घ्यायचा उपचार. सोबतच्या इंग्रजी पत्रकात सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळे रोग होते, आणि त्यांत कान वाजणंही होतं.

दुकानदारांचं म्हणणं सरळ होतं. माल दुकानात ठेवायचा तर तो खरा आहे की खोटा हे आधी कळलं पाहिजे. वहिनींच्या, म्हणजे माझ्या, कानाचं त्यांनी आईकडून ऐकलं होतं. तेव्हा वहिनींनी पेटी ठेवून घ्यावी, वापरून पाहावी, आणि गुण आला की नाही ते खरंखरं सांगावं. भीड धरू नये. त्यांनी आधी स्वतःच्या आईला विचारलं होतं. काकूंनी उत्तर दिलं होतं, "मी काय बैल आहो, का कोनी दांडा फिरवन् अन् मी उड्या मारीन?"

यांचा नव्या शास्त्रावर फार विश्वास. पत्रक त्यांनी लगेच वाचून काढलं. एक नळी मी हातात धरायची आणि दुसऱ्या तारेला लावलेली ओल्या स्पंजाची टिकली कानामागं टेकवायची. पाण्यात चिमूटभर मीठ. मी पाटावर बसले, पदर खोचला, देवाचं नाव घेतलं. दांडा हळू फिरवावा असं पत्रकात लिहिलेलं होतं, ते यांनी मला नंतर सांगितलं. पहिल्याच फेऱ्याला माझी नळी हातातून उडून थेट पिठाच्या डब्यात गेली. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण दुकानदार तोंडावर उपरणं धरून बाहेर पळाले.

पुढं यांचा हात बसला. रोज शाळेतून आले की चहाच्या आधी माझा उपचार. तोंडात तांब्याची चव येई, उजवा गाल आपोआप थरथरे, डोळ्यांपुढं काजवा चमकल्यासारखं होई. एवढं सगळं होई, आणि वाटी आपली वाजतच असे. दुकानदारांनी विचारलं की मी खरं ते सांगत असे. गाल हलतो, कान वाजतो. ते मान डोलवून म्हणत, अजून थोडे दिवस पाहा. यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटे. मला मात्र, खरं सांगायचं तर, त्या वेळेची वाट पाहण्याची सवय लागली होती. लग्न झाल्यापासून हे एवढा वेळ माझ्याकडं लक्ष देऊन कधी समोर बसले नव्हते.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मास्तरीणबाईंच्या घरी विजेची पेटी आहे. कोणाचा गुडघा, कोणाची पाठ, कोणाला नुसतंच पाहायचं. एका रविवारी आमचं अंगण भरलं. तेव्हा यांच्या अंगातला मास्तर जागा झाला. त्यांनी सगळ्यांना एकमेकांचे हात धरून गोल उभं राहायला सांगितलं. एका टोकाच्या माणसाच्या हातात एक नळी, दुसऱ्या टोकाच्या हातात दुसरी. वीज सगळ्यांच्या अंगांतून फिरून परत पेटीत येते, हे त्यांना दाखवायचं होतं.

हात धरण्यावरून थोडी कुजबूज झाली. शेजारच्या घरातल्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि गोलात नेमक्या शेजारी आल्या. दोघींनी एकमेकींची फक्त करंगळी धरली. यांनी दांडा फिरवला. सगळा गोल एकदम असा उडाला, की छपरावरची कबुतरं भरारली. मग जे हसू सुरू झालं ते आवरेना. त्या दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, पुन्हा फिरवा मास्तर. काकूसुद्धा ओट्यावरून उतरल्या आणि गोलात येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या फेऱ्याला त्यांनी तोंड अगदी गंभीर ठेवलं, फक्त पाय जमिनीवरून सुटले.

त्या धांदलीत एका तारेचं टोक तुटलं. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. हे सतरंजीवर पेटी उघडून बसले होते, तारा काढून बाजूला ठेवलेल्या. मी शेजारीच सुपात तांदूळ निवडत होते. आतली चाकं नीट फिरतात ना, हे बघायला यांनी दांडा फिरवला, आणि मी कुतूहलानं वाकून पेटीत डोकावले. माझा उजवा कान चाकांच्या अगदी जवळ आला. फिरताना त्यांचा एक बारीक, उंच सूं आवाज येत होता. हे दांडा जोरात फिरवू लागले तसा तो आणखी चढला, आणि चढता चढता माझ्या कानातल्या आवाजाच्या बरोबरीला आला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. कोणता माझा आणि कोणता पेटीचा ते कळेना.

यांनी दांडा सोडला. पेटीचा आवाज थांबला. आणि माझाही थांबला.

मी तशीच वाकून राहिले. हलले तर तो परत येईल अशी भीती वाटली. चुलीवर वरण रटरटत होतं ते ऐकू आलं. छपराच्या पत्र्यावर कबुतराची नखं वाजत होती. यांचा श्वास ऐकू येत होता. एवढंच, आणि त्यापलीकडं काही नाही. ताप येऊन गेल्यापासून मी असं काही ऐकलं नव्हतं, म्हणजे असं न ऐकणं मला मिळालं नव्हतं. यांनी घाबरून विचारलं, काय होतंय? मी हात वर करून त्यांना गप्प केलं. थोड्या वेळानं, लांबून कोणी चालत यावं तशी वाटी परत वाजू लागली. आधी अगदी बारीक, मग नेहमीसारखी.

मी यांना सगळं सांगितलं. यांनी विचार केला. अंगाला ताराच लावलेल्या नव्हत्या, तर वीज लागणार कुठून, आणि गुण येणार कसा? पत्रकात असं काही नव्हतं. शेवटी म्हणाले, "भास झाला असेल."

"वाजतं म्हटलं तेव्हा तुम्हाला भास वाटला. आता थांबलं तर तोही भासच का?"

यांनी चष्मा पुसला, पेटी माझ्या कानाजवळ सरकवली आणि पुन्हा दांडा फिरवायला घेतला. ही त्यांची मला फार आवडणारी गोष्ट होती. पटलं नाही तरी करून बघत. पुन्हा तसंच झालं. त्या दुपारी आम्ही किती वेळा करून पाहिलं ते सांगता येणार नाही, पण वरण करपलं, आणि ते करपलेलं वरणच आम्ही दोघांनी चवीनं खाल्लं.

संध्याकाळी मी पेटी उचलून काकूंकडं नेली. त्यांना झिणझिण्या नकोत, नुसता कान लावायचा आहे, हे पटवायलाच बराच वेळ गेला. शेवटी त्या जमिनीवर आडव्या झाल्या, उशाशी पेटी. मी माझ्या अंदाजानं दांडा जोरात फिरवला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुह्या वाटीचं औषध माह्या जात्याले कायले लागंन?" त्या म्हणाल्या, आणि उठायला लागल्या.

ते शब्द त्यांनी सहज टाकले होते, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा आवाज बारीक, म्हणून बारीक आवाजानं तो झाकला गेला. त्यांचा घरघरणारा. मी त्यांना पुन्हा निजवलं आणि दांडा अगदी सावकाश फिरवू लागले. चाकांची सूं गेली आणि खालची, भरड घरघर आली. मी फिरवत राहिले. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. डोळे मिटले. मी थांबले तरी त्यांनी ते उघडले नाहीत. मला वाटलं, झोप लागली. मग त्या हळूच म्हणाल्या, "बंद पाडलं व पोरी. कोनी तरी दळनं बंद पाडलं."

त्यांची ती शांतता त्यांना पुरेपूर मिळू द्यायची होती. आत त्यांची सून भांडी लावत होती, तिला मी खुणेनं थांबवलं.

दुकानदारांपुढं पेच पडला. पेटीचा गुण येतो हे खरं, पण पत्रकात लिहिलं आहे त्या कारणानं नाही. ते आमच्या ओट्यावर बसून यांच्याशी बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनीच ठरवलं. लोक विजेसाठी पेटी घेतील आणि आपण त्यांना चाकाचा आवाज विकू, हे बरं नाही. शिवाय तो आवाज सगळ्यांना लागू पडेल कशावरून? माल ठेवायचा नाही, नमुना परत धाडायचा. त्यांचं बोलणं बरोबर होतं. पण पेटी बांधायला म्हणून ते घरात गेले तर काकू पेटीच्या झाकणावर बसल्या होत्या. मुलानं व्यवहार समजावून सांगितला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तुहा व्यवहार पाह्य. मी इथंच बसून आहो."

नमुना परत गेला नाही. दुकानदारांनी काय केलं ते त्यांनाच ठाऊक, पण पेटी काकूंच्या माजघरात राहिली. तारा आणि नळ्या काढून एका डब्यात ठेवून दिल्या. पुढं वाशीममधली आमची सगळी वर्षं रोजचा एक नेम होता. त्यांची जेवणं आटोपली की मी जायची. आधी मी त्यांच्यासाठी सावकाश फिरवायची, मग त्या माझ्यासाठी जोरात. त्यांचा दंड दुखायला लागला की सून फिरवायची. आवाज कायमचा कधी गेला नाही. कधी थोडा वेळ थांबे, कधी नुसता दबे, कधी ऐकतच नसे. पण तो ऐकणारं आणखी एक माणूस भिंतीपलीकडं आहे, आणि संध्याकाळी आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्यावर मी पुन्हा हसूखेळू लागले. मीठ एकदाच पडू लागलं.

मग यांची बदली मानोऱ्याला झाली. निघताना काकू पेटी माझ्या बैलांच्या दमणीत ठेवायला निघाल्या होत्या. मी घेतली नाही. त्यांच्या कानाला दुसरं कोण होतं? त्यांना राग आला, त्या घरात गेल्या, आणि दमणी हलायच्या वेळी बाहेर येऊन त्यांनी माझी ओटी भरली. खोबऱ्याची वाटी ओटीत टाकताना म्हणाल्या, "ही वाजत नाही हो." बैल चालू लागले तरी आम्ही दोघी हसत होतो.

मानोऱ्याला यांनी मला चरखा आणून दिला. गावोगाव सूत कातायचं वारं होतं तेव्हा. लोकांना वाटे मास्तरीणबाई देशासाठी कातते. तेही होतंच. पण माझा चरखा मी जरा कमी तेल घालून, उजव्या कानाच्या बाजूला ठेवून फिरवत असे, हे यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. दुपारच्या वेळी त्याची सूं सुरू झाली की मला बरं वाटायचं. सूत बाकी बेताचंच निघायचं.

जवळच्या तांड्यावरची एक बंजारा बाई आमच्याकडं सरपण घेऊन येत असे. हातभर बांगड्या, केसांत चांदीचे झुबके, पायांत वाळे. ती आली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. एकदा मोळी टाकून ती पाणी पीत असताना मला कातताना पाहून थांबली आणि तिनं विचारलं की सुताकडं न बघता मी हे काय ऐकते आहे. मी खरं सांगितलं. तशी ती आपल्या डाव्या कानाला हात लावून मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "मायाबी वाजते. मले वाटे, माये दागिनेच वाजून राह्यले."

तिनं अंगावरचा सगळा दागिना दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि स्तब्ध उभी राहिली, मला दाखवायला. अंगणात कसलाही आवाज नव्हता. "आताबी वाजते," ती म्हणाली. मी तिला चरख्यापाशी बसवलं.

त्या वर्षी होळीला ती मला न्यायला आली. हे म्हणाले, जाऊन ये. तांड्यावर दुपारपासूनच डफ सुरू झाला होता. बायापुरुष फेर धरून गात होते, रंगीत घागऱ्यांवरची आरशाची भिंगं उन्हात चमकत होती. मी कडेला उभी होते. तिनं मला हाताला धरून फेरात ओढलं. मला त्या गाण्याचा एक शब्द कळत नव्हता. पावलं चुकत होती, डावीकडची बाई मला ढकलून वळवत होती, पदर कधीच कमरेला खोचला गेला होता. शेकडो कड्यांचा, घुंगरांचा, टाळ्यांचा तो गजर माझ्या दोन्ही कानांत भरून राहिला. मध्येच तिनं माझ्याकडं पाहून आपल्या कानाकडं बोट दाखवलं आणि डोळे मोठे करून मान हलवली. काही नाही. मीही मान हलवली. मलाही काही नाही. आणि आम्ही पुढच्या फेऱ्याला लागलो.